क्लाउडक्रॉफ्टचा उतार

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये रत्ना सबनीसांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. त्यांनी पंचवीसएक वर्षं फार्मसिस्टचं काम केलं. आमच्यापैकी कितीतरी जण डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या आधी त्यांना फोनवर वाचून दाखवायचे आणि मगच घ्यायचे. बुटक्या, शांत, दोनदा विचार करून एकदा बोलणाऱ्या. त्यांच्या घराच्या ड्राइव्हवेवर एक भला मोठा पिकअप ट्रक उभा असतो. तो त्या चालवतात आणि त्याच्यामागे तीस फुटी ट्रेलर ओढतात, हे नव्या माणसाला सांगितलं तर आधी खरं वाटत नाही.

ट्रेलर प्रल्हादरावांच्या हौसेचा. प्रल्हादराव म्हणजे रत्नाताईंचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी तेलाच्या पाइपलाइन टाकण्यात घालवली. रिटायर झाल्यावर महिनाभरात ते हा ट्रेलर घेऊन आले. आत पलंग, ओटा, फ्रिज, बाथरूम, सगळं. ह्यूस्टनच्या चिकट उन्हाळ्यात डोंगरात जाऊन राहायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं ठरलेलं होतं. पहिली तीन वर्षं ते चालवत आणि रत्नाताई शेजारी बसून स्वेटर विणत. "मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं," त्या म्हणतात.

मग प्रल्हादरावांना स्ट्रोक आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, पण डाव्या बाजूचं दिसणं गेलं. डोळे धड होते, मेंदू डावीकडचं चित्र घेत नव्हता. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दर काही महिन्यांनी ते दृष्टी तपासायला जात, आशेनं जात आणि गप्प होऊन परत येत. ट्रेलर वर्षभर स्टोरेजमध्ये पडून राहिला. मुलगा परीक्षित कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून फोनवर सांगायचा, "बाबा, विकून टाका यार. कशाला ठेवलाय?" प्रल्हादराव 'बघू' म्हणायचे आणि फोन रत्नाताईंच्या हातात द्यायचे.

वर्ष उलटल्यावर, वसंतात, रत्नाताईंनी ट्रेलर ओढायला शिकवणाऱ्या क्लासला नाव घातलं. नवऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं. प्रल्हादराव म्हणाले, "तुला झेपेल?"

"बघते," रत्नाताई म्हणाल्या.

शिकायला त्यांना बरेच दिवस लागले. वळताना ट्रेलर आतल्या बाजूनं कापत येतो, म्हणून वळण मोठं घ्यायचं. मागे घेताना स्टिअरिंगच्या तळाला हात ठेवायचा. जड सामान ट्रेलरच्या पुढच्या भागात भरायचं, मागे वजन गेलं की ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. गिअर खाली आणायचा, इंजिनाला गाडी धरू द्यायची. वेग वाढला तर ब्रेक जोरात दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक लागत नाही. रविवारी सकाळी हायस्कूलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्या हे करत राहिल्या. प्रल्हादराव बाजूला खुर्ची टाकून बसत आणि ओरडून सूचना देत. दोन-तीनदा दोघांचं चांगलंच वाजलं.

आधी जवळच्या, सपाटीवरच्या दोन ट्रिपा झाल्या. नंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी थेट फ्रीमाँटला जायचं ठरवलं, नातीला, म्हणजे अनयाला, ट्रेलर दाखवायला. वाटेत न्यू मेक्सिकोच्या डोंगरात क्लाउडक्रॉफ्टला चार दिवस मुक्काम.

ही हकिगत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली आहे. सांगण्यात फरक फारसा नव्हता, फक्त प्रत्येकानं आपापली चूक तेवढी मोठी करून सांगितली.

क्लाउडक्रॉफ्टचे चार दिवस छान गेले. उंचावर देवदारासारखी झाडं, दुपारीसुद्धा स्वेटर लागायचा. निघायच्या दिवशी सकाळी रत्नाताईंनी ट्रक मागे घेऊन ट्रेलरला जोडला, साखळ्या अडकवल्या. राहिली होती ती जाड वायर, जिच्यातून ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना आणि ब्रेकना वीज जाते. तिचा प्लग ट्रकच्या मागच्या खोबणीत बसवायचा आणि वरची झडप त्यावर अडकवायची. रत्नाताई वाकल्या तेवढ्यात प्रल्हादराव म्हणाले, "ते मी लावतो. एवढं तरी करू दे मला."

त्यांनी लावलं. रत्नाताई आत बसल्या, दिवे तपासले. ट्रकमध्ये हातानं नुसते ट्रेलरचे ब्रेक लावायचा एक खटका असतो, तो दाबून पाहिला. सगळं चालत होतं. एरवी त्या उतरून प्रत्येक जोड हातानं हलवून बघत. त्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. आरशात त्यांना प्रल्हादराव दिसत होते. ट्रेलरच्या पुढ्यात उभे राहून हात झटकत होते, काम झाल्यासारखे. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा असा दिसला होता.

ट्रेलर लावला होता त्या कँपमधून बाहेर पडायचा रस्ता कच्चा, खड्ड्यांचा होता. ट्रेलर मागे गदागदा हलत आला. मग डांबरी रस्ता लागला, गाव मागे पडलं आणि उतार सुरू झाला.

हा उतार साधा नाही. डोंगराच्या माथ्यापासून खालच्या वाळवंटापर्यंत रस्ता एकसारखा खाली जात राहतो, वळणावर वळण घेत. रत्नाताईंनी आदल्या दिवशी नुसता ट्रक घेऊन तो खालपर्यंत पाहून घेतला होता. त्या हळू निघाल्या, गिअर आधीच खाली आणलेला. उजवीकडे खडकाची भिंत, डावीकडे वर येणाऱ्या गाड्या. प्रल्हादराव खिडकीतून झाडं बघत होते.

दोन-तीन वळणं झाली असतील. समोरच्या पडद्यावर टणटण आवाज झाला आणि अक्षरं आली: ट्रेलर डिस्कनेक्टेड.

ट्रेलरच सुटला असं रत्नाताईंना वाटलं. आरशात पाहिलं तर तो मागे होता, पांढरा, रुंद, अगदी जवळ. म्हणजे ट्रेलर सुटला नव्हता, वायर सुटली होती. त्यांनी हाताचा खटका दाबला. एरवी तो दाबला की मागून कोणीतरी पदर ओढल्यासारखं व्हायचं. या वेळी काहीच झालं नाही. परत दाबला. काही नाही.

भरलेला ट्रेलर साडेतीन टनांचा होता, आणि आता त्याला स्वतःचे ब्रेक नव्हते. तो ट्रकला पुढे ढकलत होता.

"काय झालं?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"वायर निघाली. ट्रेलरचे ब्रेक गेले."

"ब्रेक दाब. अगं दाब ना, वेग वाढतोय."

"दाबतेय."

त्यांनी दाबला, ट्रक जड होऊन मंदावला, आणि त्यांनी पाय काढला. लगेच वेग परत चढायला लागला.

"सोडलास का? दाबून ठेव. रत्ना, दाबून ठेव."

इतकी वर्षं त्या ज्या आवाजाच्या भरवशावर शेजारी बसल्या होत्या, तोच हा आवाज. पाय आपोआप पेडलकडे गेला. त्यांनी तो ओढून मागे घेतला.

"अहो, तुम्ही आता बोलू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही. प्रल्हादराव सांगतात, तसा आवाज त्यांनी आधी फक्त एकदाच ऐकला होता. परीक्षित लहानपणी तापात फणफणला होता आणि त्या रात्री रत्नाताईंनी डॉक्टरशी फोनवर बोलताना तो लावला होता.

ते गप्प झाले.

पुढे उजवीकडे खडीची एक मोकळी जागा दिसली, गाड्या थांबवण्यापुरती. प्रल्हादरावांनी बोट दाखवलं, बोलले मात्र नाहीत. रत्नाताईंनीही ती पाहिली होती. पण वेग जास्त होता आणि जागा आखूड. खडीवर एवढ्या जोरात गेलं असतं तर ट्रकची चाकं घसरली असती, मागचा ट्रेलर घडी पडल्यासारखा अंगावर आला असता. जागा जवळ आली, बाजूला आली आणि मागे गेली. "ती सोडताना मला वाटलं, बस, संपलं आता," त्या मला म्हणाल्या. "आपल्या हातानं दार लावून घेतल्यासारखं वाटलं."

त्यांनी ब्रेक जोरात दाबला, वेग खाली आला, आणि त्याच क्षणी गिअर आणखी एक खाली टाकला. इंजिन किंचाळल्यासारखं ओरडलं. ट्रक थरथरला. पण भार धरला त्यानं, थोडा तरी धरला. आता वळण आलं. वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते, नजर रस्त्यावर हवी होती, आणि वेगाच्या काट्याकडे बघायला फुरसत नव्हती.

"मला नुसता स्पीड सांगा," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको. फक्त आकडा."

ताशी मैल दाखवणारा वेगाचा काटा रत्नाताईंच्या समोर, म्हणजे प्रल्हादरावांच्या डावीकडे. त्यांच्या दृष्टीला ती बाजूच नव्हती. त्यांनी पट्टा सैल केला, अख्खं अंग डावीकडे वळवलं, मान इतकी फिरवली की काटा त्यांच्या उजव्या नजरेत आला. अशा अवघडलेल्या अवस्थेत समोरचा रस्ता त्यांना दिसत नव्हता. वळण कुठे, दरी कुठे, काही नाही. दिसत होता तो काटा आणि बायकोचे स्टिअरिंगवरचे हात.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. पन्नास."

रत्नाताईंनी ब्रेक दाबला.

"पंचेचाळीस. चाळीस. अडतीस."

सोडला.

"अडतीस. चाळीस. त्रेचाळीस."

असं चाललं. त्यांचा आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला, पाइपलाइनचं प्रेशर वाचून दाखवावं तसा. आत जळका वास यायला लागला. रत्नाताईंनी तो ओळखला. पेडल पहिल्यापेक्षा जास्त खोल जातंय हेही त्यांना पायाला कळलं. त्यांनी ते सांगितलं नाही. प्रल्हादरावांनाही वास येत होता, त्यांनीही विचारलं नाही.

खाली वस्ती लागली. रस्त्याकडेला फळं विकणाऱ्यांच्या टपऱ्या, चेरीचे बोर्ड. एका टपरीजवळून जुना लाल पिकअप रस्त्यावर यायला निघाला. त्याचं तोंड रस्त्यावर आलं. चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं रत्नाताईंकडे पाहिलं, आणि भरपूर अंतर आहे असं समजून तो वळून पुढे लागला, सावकाश.

रत्नाताईंनी हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही. समोरून एक मोठी गाडी वर येत होती, त्यामुळे डावीकडे जायला जागा नव्हती. ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं, लोण्यात पाय गेल्यासारखं. प्रल्हादरावांना समोरचं काहीच दिसत नव्हतं. हॉर्न ऐकू येत होता, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"बेचाळीस," ते म्हणाले. "एकेचाळीस. एकेचाळीस."

लाल पिकअपचा मागचा पत्रा इतका जवळ आला की त्यावर चिखल वाळलेला दिसला. मग त्या म्हाताऱ्यानं आरशात पाहिलं असणार. तो सरळ उजवीकडे मातीत उतरला, धूळ उडाली, आणि ट्रक-ट्रेलर त्याच्या बाजूनं निघून गेले. ट्रेलरचं काही घासलं का, हे रत्नाताईंना कळलं नाही, बघायला त्या थांबूही शकत नव्हत्या.

वस्तीच्या शेवटाला उतार जरा नरमला. फार नाही, पण इंजिनाला श्वास घेण्यापुरता. त्यांनी उरलासुरला ब्रेक दाबला.

"चौतीस. तीस. सत्तावीस."

आता गिअर सगळ्यात खाली टाकला. ट्रकनं नाक खुपसल्यासारखा झटका दिला.

"बावीस. वीस. रत्ना, वीस."

पुढे डोंगर पोखरून केलेला छोटा बोगदा आहे. त्यातून त्या तशाच रांगत गेल्या. बोगद्यापलीकडे दृश्य बघायला गाड्या थांबतात अशी रुंद, डांबरी जागा होती. त्यांनी तिथे वळवलं. ट्रक थांबला. त्यांनी पार्किंग ब्रेक ओढला.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. समोर, फार खाली, वाळवंट पांढरं चमकत होतं. कोणीतरी फोटो काढत होतं. रत्नाताईंना स्टिअरिंगवरून हात काढायचे होते, पण बोटं उघडत नव्हती. प्रल्हादरावांनीच ती एकेक करून सोडवली.

मग ते उतरले, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि जोडापाशी गेले. वायर खाली लोंबत होती. रस्त्यावर घासून प्लगचं तोंड झिजलं होतं, आतल्या पितळी पट्ट्या वाकल्या होत्या. ट्रकच्या खोबणीवरची झडप धड होती. तुटलं काहीच नव्हतं. झडप प्लगवर अडकलीच नव्हती, एवढंच. ती डाव्या बाजूनं बसवावी लागते.

ते रत्नाताईंच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"मी नीट लावली नव्हती."

रत्नाताईंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"तू बघितलं नाहीस? तू तर नेहमी बघतेस."

"नाही बघितलं."

"का?"

"तुम्ही लावली होती म्हणून," त्या म्हणाल्या.

प्रल्हादरावांनी दारावर हात टेकला. ते म्हणाले, "यापुढे माझी दया करू नकोस. मी काही केलं तर दोनदा तपास." रत्नाताईंना रडू आलं ते तेव्हा, उतारावर नाही.

रस्त्यात अडकलेल्या गाड्यांच्या मदतीला येणाऱ्या रोडसाइडवाल्याला फोन केला. तो येईपर्यंत बराच वेळ गेला आणि ते बरंच झालं, ब्रेक निवायला वेळ मिळाला. त्यानं नवा प्लग बसवला, ट्रकची चाकं पाहिली, ब्रेकचं तेल पाहिलं, हळू गेलात तर खालच्या गावापर्यंत जाईल म्हणाला, तिथे मात्र ब्रेक दाखवून घ्या. अर्धा डोंगर अजून उतरायचा होता.

"ट्रेलर याला नेऊ दे," प्रल्हादराव म्हणाले. "आपण नुसता ट्रक घेऊन जाऊ. काही बिघडत नाही."

रत्नाताईंना ते पटलं होतं. त्यांनी मला तसं सांगितलं, हो म्हणावंसं वाटत होतं. पण आज सोडला तर पुन्हा कधी जोडणार नाही, हेही त्यांना तितकंच स्पष्ट दिसत होतं. त्या उतरल्या. प्लग स्वतः काढून परत लावला, झडप अडकवली, ओढून पाहिली. साखळ्या पाहिल्या, चाकांचे ठोकळे काढले. मग बसून ट्रक जरासा पुढे जाऊ दिला आणि हाताचा खटका दाबला. ट्रेलरनं मागे ओढलं. पुन्हा केलं. पुन्हा ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि आकडे सांगा."

उरलेला उतार त्यांनी धोक्याचे दिवे लावून, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये काढला. मागे गाड्यांची रांग लागली, कोणीतरी हॉर्न मारला. जिथे जागा मिळाली तिथे बाजूला होऊन त्यांनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि परत निघाल्या. प्रल्हादराव मान वाकडी करून आकडे सांगत होते. पंचवीसच्या वर काटा गेला नाही.

ब्रेकचं काम होईपर्यंत दोन दिवस ते खालच्या गावात राहिले. तिथून पुढचा रस्ता पुष्कळसा सपाट होता, काही चढ-उतार होते ते रत्नाताईंनी ओठ मिटून काढले. फ्रीमाँटला पोचल्यावर परीक्षितच्या टाउनहाउससमोर ट्रेलर लावायला जागा नव्हतीच, तो गावाबाहेर, अशा ट्रेलरांसाठीच असलेल्या एका आरव्ही पार्कमध्ये ठेवला. अनया आत शिरली, वरच्या बंकवर चढली आणि खाली यायला तयार होईना. "Can I sleep here?" एवढंच विचारत राहिली.

उतारावरचं काही मुलाला सांगायचं नाही, असं रत्नाताईंनी मनाशी ठरवलं होतं. प्रल्हादरावांनी पहिल्याच जेवणाला सांगितलं. सगळं सांगितलं, प्लग कोणी लावला तेही. परीक्षितच्या हातातला घास तसाच राहिला. नंतर तो चिडला. "इथेच विकू. मी लिस्ट करतो. तुम्ही फ्लाइटनं घरी जा. आई, प्लीज, तू चौसष्ट वर्षांची आहेस."

रत्नाताई प्रल्हादरावांकडे बघत होत्या. ते शांतपणे म्हणाले, "मला विचारू नकोस. गाडी ती चालवते. ठरवायचं तिनं." मग म्हणाले, "मी आता परत चालवणार नाही, परीक्षित. दृष्टी तपासायची पुढची अपॉइंटमेंट होती ती मी सकाळी कॅन्सल केली."

सून आसावरीनं प्रल्हादरावांच्या ताटात उजव्या बाजूला आणखी एक पोळी वाढली.

रत्नाताईंनी ट्रेलर विकला नाही. परत येताना त्यांनी लांबचा, दक्षिणेकडचा रस्ता धरला, तीन दिवस जास्त लागले. आता वर्षातून दोनदा दोघं निघतात. जोडायचं काम अजून अर्धं प्रल्हादराव करतात, मग रत्नाताई त्यांच्यादेखत प्रत्येक जोड ओढून बघतात, आणि त्यांनी केलेलं प्रल्हादराव हात लावून बघतात. त्यात कोणाला काही वाटत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "आता भीती गेली का हो?"

"छे," त्या म्हणाल्या. "उताराची पाटी दिसली की तळहात ओले होतात. म्हणून मी आता गाडीत एक छोटा टॉवेल ठेवते." आणि त्यांनी भात मागितला.